मस्कतहून स्वतःच्या नौकेने मुंबईत येताना: कोणाचे नाव कोणत्या यादीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मस्कतमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी दांपत्याने 42 फुटी शिडाची नौका घेतली आहे. पतीकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे) आहे, पत्नीचा पासपोर्ट भारतीय आहे, सोबत एक ब्रिटिश मित्र येणार आहे आणि नौका चालवायला पगारी फिलिपिनो कप्तान ठेवला आहे. डिसेंबरात मस्कतहून निघून मुंबईला यायचे, मग कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत आणि पुढे कोचीला जायचे, असा बेत आहे. मित्र गोव्यातून विमानाने परतेल. आपल्यापैकी खलाशी कोण आणि प्रवासी कोण, कोणाला कोणता व्हिसा लागेल, आणि मूळ गाव मालवणजवळ असल्यामुळे थेट तिथेच नांगर टाकून मग कागदपत्रे करून घेतली तर चालेल का, हे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. त्याची कारणे पुढे येतील. मुंबई बंदरात परदेशी नौकांची कागदपत्रे करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या काळात अडकलेल्या नौकांपैकी बहुतेक नौका व्हिसा नसल्यामुळे अडकल्या नव्हत्या. बोटीवर प्रत्यक्षात असलेली माणसे आणि कागदावरची माणसे जुळत नव्हती, म्हणून त्या अडकल्या. विमानाने येताना विमान कंपनी तिकीट देतानाच तुमचा पासपोर्ट आणि व्हिसा तपासते, प्रवाशांची यादी विमान उतरण्याआधी इमिग्रेशनकडे पोहोचवते, आणि तुम्हाला फक्त खिडकीपुढे उभे राहायचे असते. खासगी नौकेवर हे सगळे काम नौकेच्या प्रमुखाच्या, म्हणजे कप्तानाच्या, अंगावर येते. कोण आले, कोण उतरले, कोण परत चढले आणि कोण देशाबाहेर गेले याचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून तुमची पहिली तयारी व्हिसाच्या अर्जाची नसून यादीची असली पाहिजे.

बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाने द्यायच्या कागदांचे नमुने 1965 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ठरलेले आहेत आणि भारतातील बंदरांतही तेच वापरले जातात. त्यांतील पाचव्या क्रमांकाचा नमुना क्रू लिस्टचा, म्हणजे खलाशांच्या यादीचा, आणि सहाव्या क्रमांकाचा प्रवासी यादीचा आहे. खासगी नौकेवर या दोहोंतली सीमा अंधुक असते, कारण शीड ओढणारा मित्र, रात्रीचा पहारा देणारी पत्नी आणि स्वयंपाक करणारा भाचा हे सगळेच काही ना काही काम करत असतात. त्यामुळे अनेक नौकामालक सगळ्यांचीच नावे क्रू लिस्टमध्ये घालून मोकळे होतात. त्यामागे आणखी एक समज असतो, की खलाशांना व्हिसा लागत नाही. मालवाहू जहाजावरच्या खलाशाच्या बाबतीत तो समज काही प्रमाणात खरा आहे. त्याच्याकडे खलाशाचे ओळखपत्र आणि सेवापुस्तिका असते, त्यावर त्याला शोअर पास (किनाऱ्यावर तात्पुरते उतरण्याचा परवाना) मिळतो आणि जहाज बंदरात असेपर्यंत तो किनाऱ्यावर फिरून येऊ शकतो. परंतु शोअर पास म्हणजे देशात प्रवेश नव्हे. त्यावर विमान पकडता येत नाही, आणि जहाज निघून गेल्यावर मागे राहताही येत नाही. शिवाय हौसेखातर नौकेवर आलेल्या माणसाकडे खलाशाचे कोणतेही कागद नसतात. त्यामुळे यादीत त्याला खलाशी म्हटले तरी अधिकारी त्याच्याकडे पासपोर्ट आणि व्हिसाच मागणार.

माझा सल्ला असा आहे की नौका चालवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर खरोखर आहे त्यांनाच क्रू लिस्टमध्ये घ्यावे. तुमच्या बाबतीत ते दोघेच आहेत, कप्तान आणि मालक म्हणून तुम्ही. पत्नी आणि मित्र यांची नावे प्रवासी यादीत असावीत. आणि नाव कोणत्याही यादीत असले तरी चौघांनीही आपापल्या पासपोर्टच्या बळावर भारतात प्रवेश करता येईल अशा तयारीनेच मस्कत सोडावे. मित्राला तर गोव्यातून विमानाने जायचे आहे. क्रू लिस्टवर नाव घालून तो आला तर त्याला परत पाठवण्याआधी क्रूमधून नाव कमी करण्याची वेगळी नोंद करून घ्यावी लागेल. प्रवासी म्हणून, रीतसर व्हिसावर, शिक्का घेऊन आला तर त्याचे जाणे सोपे होते, आणि मग फक्त नौकेच्या यादीतले त्याचे नाव वेळीच कमी करण्याचे काम उरते.

आता एकेकाचे पाहू. तुमच्या पत्नीला व्हिसाचा प्रश्न नाही, परंतु इमिग्रेशनचा प्रश्न आहेच. भारतीय नागरिकाला आपल्या देशात यायला परवानगी लागत नाही, म्हणून तिने नौकेवरून उतरून सरळ माहेरी जावे असे अनेकांना वाटते. पण तसे केले तर तिच्या पासपोर्टवर ओमानमधून निघाल्याची नोंद होईल, पण भारतात आल्याची नोंद कुठेच होणार नाही, आणि पुढच्या वेळी मुंबई विमानतळावरून परत जाताना ती आत आली कधी आणि कशी हे तिला तिथल्या खिडकीशी उभे राहून समजावून सांगावे लागेल. तिनेही इतरांबरोबरच अधिकाऱ्यासमोर यायचे आणि शिक्का घ्यायचा.

तुमच्याकडे ओसीआय कार्ड असल्यामुळे तुम्हाला व्हिसा लागत नाही. मात्र कार्ड आणि ब्रिटिश पासपोर्ट दोन्ही मूळ प्रतीत जवळ हवेत, आणि कार्ड काढल्यानंतर पासपोर्ट नवा झाला असेल तर त्याची माहिती ओसीआयच्या संकेतस्थळावर भरलेली हवी. इथे मराठी माणसांच्या बाबतीत नेहमी येणारी एक अडचण सांगतो. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहितो. ओसीआय कार्डावर अनेकदा तिन्ही असतात, ब्रिटिश पासपोर्टवर मधले नाव गळालेले असते, आणि मालक स्वतः क्रू लिस्ट टंकताना सवयीने आडनाव आधी घालतो किंवा मधल्या नावाचे आद्याक्षरच ठेवतो. एकाच माणसाची तीन रूपे तीन कागदांवर दिसली की ती एकच व्यक्ती असल्याचे पटवण्यात अर्धा दिवस जातो. क्रू लिस्टच्या नमुन्यात आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावांचा वेगळा असतो. त्यात पासपोर्टच्या फोटोच्या पानावर जे ज्या क्रमाने छापले आहे तेच, त्याच अक्षरांत उतरवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळावे, कारण जुन्या आणि नव्या नावाचे कागद एकाच पिशवीत असतात.

ब्रिटिश मित्राने ई-व्हिसा घ्यायला हरकत नाही, पण तो कोणता घ्यावा याचा विचार करा. तीस दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसासाठी अपेक्षित आगमनाच्या तारखेआधी तीस दिवसांच्या आतच अर्ज करता येतो, आणि आत आल्यावर मोजून तीस दिवसच मिळतात. मस्कत ते मुंबई हे अंतर सुमारे साडेआठशे सागरी मैल आहे. तुमच्या आकाराच्या नौकेला ते कापायला वारा बरा असला तर सहा-सात दिवस पुरतात, नसला तर जास्तही लागतात. त्यात निघण्याची तारीखच हवामानामुळे आठवडाभर पुढे गेली किंवा मुंबईत आल्यावर इंजिनाचा एखादा भाग बाहेरून मागवावा लागला, तर तीस दिवसांचा व्हिसा फार लवकर संपतो. एक वर्षाचा बहुप्रवेश ई-टुरिस्ट व्हिसा घेतला तर ही टांगती तलवार राहत नाही, आणि कोचीहून मालदीवला जाऊन परत यायचे ठरले तरी तो उपयोगी पडतो. मंजुरीचा कागद छापून जवळ ठेवावा, कारण बंदरातल्या अधिकाऱ्याला भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचा कागद दाखवून काम भागेलच असे नाही. कुटुंबाचे मूळ पाकिस्तानातले असलेल्या व्यक्तीला ई-व्हिसा मिळत नाही, तिला भारतीय दूतावासातूनच नियमित व्हिसा घ्यावा लागतो. आखातात मित्रमंडळी मिश्र असतात, म्हणून ऐन वेळी आणखी कोणी यायला तयार झाले तर हे आधी विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त विचार फिलिपिनो कप्तानाचा करायला हवा. तो तुमच्याकडे पगारावर आहे आणि पर्यटक व्हिसा पगारी कामासाठी नसतो. त्याच्याकडे खलाशाची सेवापुस्तिका असेल, परंतु तुमची नौका व्यापारी जहाज नाही, त्यामुळे व्यापारी खलाशाला मिळणारी वागणूक त्याला मिळेलच असे गृहीत धरून निघू नये. मस्कतच्या भारतीय दूतावासात त्याचा करार, नौकेच्या नोंदणीची प्रत आणि प्रवासाचा आराखडा घेऊन जावे, तो कोणत्या कामासाठी येत आहे हे स्पष्ट लिहून द्यावे आणि त्यांनी सांगितलेल्या प्रकारचा व्हिसा घ्यावा. यात दोन-तीन आठवडे गेले तरी ते सत्कारणी लागतील. कप्तानालाच उतरता आले नाही तर नौकाही जागची हलत नाही.

भारतात हे सगळे आता 2025 च्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याखाली येते. तो 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आणि पासपोर्ट, परदेशी नागरिक, त्यांची नोंदणी आणि वाहकांची जबाबदारी यांविषयीचे आधीचे चार कायदे त्याने मोडीत काढले. वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना आत येणाऱ्या परदेशी व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षे आणि तीन लाखांपर्यंतची तरतूद आहे. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. नौकेवर येणाऱ्या माणसाला अनेकदा असे वाटते की आपण समुद्रातून हळूच आलो आहोत, विमानतळासारखा काटेकोरपणा इथे नसेल. कायदा एकच आहे.

आता मालवणकडे येतो. परदेशातून येणाऱ्या नौकेला पहिल्यांदा कुठे थांबता येईल हे ठरवताना तीन वेगवेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. ते बंदर सीमाशुल्क (कस्टम्स) कायद्याखाली अधिसूचित हवे, तिथे इमिग्रेशनची तपासणी चौकी हवी, आणि तुमच्यापैकी कोणी ई-व्हिसावर येत असेल तर त्या व्हिसासाठी नेमलेल्या बंदरांत त्याचे नाव हवे. या तीन याद्या सारख्या नाहीत. एखाद्या बंदरात मालाची जहाजे येतात, कस्टम्सचे कार्यालयही आहे, पण ई-व्हिसावरचा प्रवासी तिथे उतरू शकत नाही, असे घडते. मुंबई, गोवा, मंगळूर, कोची आणि चेन्नई ही पाच बंदरे ई-व्हिसासाठी नेमलेली आहेत. नंतर भर पडलेली नावे निघण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्यावीत. मालवण, मुरूड, अलिबाग किंवा मांडवा इथे परदेशातून आलेल्या नौकेला पहिले पाऊल ठेवता येत नाही. मांडव्याला सुंदर जेट्टी आहे आणि मुंबईची माणसे रोज तिथे ये-जा करतात, म्हणून तिथे उतरण्याचा मोह परदेशी नौकांनाही होतो, पण तिथे तुमचा पासपोर्ट पाहणारे कोणी नाही.

वादळात सापडलात किंवा इंजिन बंद पडून रत्नागिरीच्या आसऱ्याला जावे लागले तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी तो प्रत्येक नौकेला समजावून सांगतो. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 29 मध्ये याची सोय आहे. अपघात, खराब हवामान किंवा अन्य अटळ कारणामुळे नौका नेमलेल्या बंदराऐवजी दुसरीकडे गेली तर प्रमुखाने ताबडतोब जवळच्या कस्टम्स अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवायचे असते, मागितल्यास लॉगबुक दाखवायचे असते, आणि त्यांच्या संमतीशिवाय कोणीही नौकेच्या आसपासचा परिसर सोडायचा नसतो. जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्यासाठी उतरण्याला कायदा आड येत नाही. म्हणजे जखमी माणसाला दवाखान्यात नेता येईल, पण बाकीच्यांनी तेवढ्यात गावात जाऊन जेवून येऊ नये. हवामान बिघडल्याची, इंजिन बंद पडल्याची नोंद लॉगबुकात त्या त्या वेळी केलेली असली तर तुमचे म्हणणे पटते. किनाऱ्यावर आल्यावर लिहिलेली नोंद अनुभवी अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते.

हा कडकपणा कुठून आला हे किनारपट्टीवरच्या माणसांना सांगायला नको. 26 नोव्हेंबर 2008 ला हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आले आणि रबरी डिंगीतून कफ परेडजवळच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. त्यानंतर प्रादेशिक समुद्रातल्या किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली. मग 18 ऑगस्ट 2022 ला रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली आणि तिच्यावर तीन एके-47 रायफली सापडल्या. जिल्हाभर नाकाबंदी झाली. नंतर उलगडा झाला तो असा, की ही खासगी नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जून महिन्यात तिचे इंजिन बंद पडले, माणसांना कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि रिकामी नौका प्रवाहाबरोबर वाहत कोकणात आली. घातपाताचा हेतू नव्हता. पण तुम्हीही मस्कतहूनच येत आहात, तशाच आकाराच्या नौकेतून. तुमच्याकडे पाहताना रायगड किंवा मुंबईच्या अधिकाऱ्याच्या मनात ती घटना असणार, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्याही मनात असती. नौकेवर कोणतेही शस्त्र आणू नका. संकटात डागायचे संकेतबाण आणि त्याचे पिस्तूल असेल तर ते विचारण्याआधी यादीत लिहून द्या.

शस्त्रापेक्षाही जास्त लोक उपग्रह फोनमुळे अडचणीत येतात. थुराया आणि इरिडियमचे फोन भारताच्या हद्दीत दूरसंचार खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरता येत नाहीत, जवळ बाळगणेही अंगाशी येते. जहाजांसाठी नौवहन महासंचालनालयाने 2012 मध्येच याबाबत आदेश काढला आहे. गिर्यारोहक वापरतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रेही यात मोडतात; 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रामुळे एका परदेशी पाहुणीला ताब्यात घेतले गेले होते. आखातातल्या जवळपास प्रत्येक नौकेवर यांपैकी काहीतरी असतेच आणि भर समुद्रात ते असावेही. तुमच्याकडे काय आहे ते मेक, मॉडेल आणि अनुक्रमांकासह बंदरातली कामे करून देणाऱ्या तुमच्या एजंटाला आधी कळवा, किनारा जवळ आला की बंद करा, आणि कस्टम्सच्या यादीत लिहून सीलबंद करून घ्या. स्टारलिंकच्या तबकडीलाही हेच लागू समजा. हौशी ड्रोन मात्र मस्कतलाच ठेवून या, कारण 2022 पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेटींवरही 2019 पासून आहे.

निघण्यापूर्वी मुंबईत एजंट नेमा. तो सक्तीचा असो वा नसो, गोदीच्या दारावरच्या परवान्यापासून चार कार्यालयांच्या वेळा जुळवण्यापर्यंतचे काम त्याच्याशिवाय होत नाही, आणि नवख्या माणसाने खर्च वाचवण्यासाठी ते स्वतः करायला जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मोठी जहाजे सुरक्षाविषयक माहिती 96 तास आधी पाठवतात. तो नियम 500 टनांखालच्या खासगी नौकेसाठी लिहिलेला नाही, पण आमच्याकडे आलेली नौका त्याच वेळेत माहिती देते असा शिरस्ता आम्ही ठेवला आहे. दोन्ही याद्या, सर्वांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, नौकेचे नोंदणीपत्र आणि विमा एवढे मस्कत सोडण्याआधीच एजंटाच्या हाती हवे. ओमानमधून निघताना प्रत्येकाच्या पासपोर्टवर निर्गमनाची नोंद करून घ्या आणि बंदराचे क्लिअरन्स, म्हणजे बंदर सोडण्याचा परवाना, घ्या. त्यावर पुढचे बंदर म्हणून मुंबई लिहिलेले असले पाहिजे. आधीच्या बंदराचे क्लिअरन्स हा मुंबईत सर्वांत आधी मागितला जाणारा कागद आहे, आणि तो हरवला तर तुम्ही आलात कुठून हाच प्रश्न उभा राहतो.

वाटेत मुंबई हायच्या तेलफलाटांपासून लांब राहा. प्रत्येक फलाटाभोवती 500 मीटरचा सुरक्षा पट्टा आहे आणि तिथली गस्त कडक असते. एआयएस (नौकेची ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणारे यंत्र) सुरू ठेवा. तटरक्षक दलाचे विमान किंवा जहाज व्हीएचएफ रेडिओवर हाक मारेल, तेव्हा नौकेचे नाव, ध्वज, मागचे आणि पुढचे बंदर आणि माणसांची संख्या शांतपणे सांगा. तिथे सांगितलेली संख्या आणि यादीतली संख्या एकच असली पाहिजे.

मुंबईत पोहोचल्यावर बंदर नियंत्रण कक्ष सांगेल तिथेच नांगर टाका आणि पिवळा झेंडा, म्हणजे तपासणी व्हायची असल्याची खूण, चढवा. अपोलो बंदरासमोर रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या पुढ्यातले पाणी नौकांना आवडते. तिथे नांगर टाकला की गेटवेच्या होड्या शेजारी येतात आणि 'चला, सोडतो' म्हणतात. पिवळा झेंडा खाली येईपर्यंत कोणीही त्या होडीत पाय ठेवू नये, आणि त्या होडीतल्या माणसालाही आपल्या नौकेवर घेऊ नये. पहिला संबंध येतो तो बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याशी. गेल्या सहा दिवसांत आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून कोणी आले असेल तर लसीचे पिवळे प्रमाणपत्र लागते. तुमचा मित्र केनियात फिरून थेट मस्कतला येणार असेल तर हे लक्षात ठेवा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होते आणि मग आयुष्यभर चालते. त्यानंतर कस्टम्स, आणि मग इमिग्रेशन.

इमिग्रेशनचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. अधिकारी कधी लाँचने नौकेवर येतात, कधी सर्वांना कार्यालयात बोलावतात. दोन्ही ठिकाणी आधी प्रमुखाकडून याद्या घेतल्या जातात. पाच-सहा प्रती तयार ठेवा, प्रत्येकीवर कप्तानाची मूळ सही आणि नौकेचा शिक्का हवा. नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि ध्वज असलेला साधा रबरी शिक्का मस्कतमध्येच बनवून घ्या. खासगी नौकेला तो कशाला, असे परदेशी मालक विचारतात, परंतु शिक्का नसलेली यादी आपल्याकडच्या कार्यालयात अपुरी समजली जाते आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मग अधिकारी यादीतला एक एक क्रमांक वाचतो, त्या माणसाला समोर बोलावतो, चेहरा आणि फोटो जुळवतो, पासपोर्टचा क्रमांक यादीतल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि यादीवर पेन्सिलीने खूण करतो. परदेशी नागरिकांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. कोणी झोपले असेल, आजारी असेल तरी त्याला समोर यावे लागते. प्रमुखाने सर्वांच्या वतीने पासपोर्ट घेऊन जाणे आणि शिक्के मारून आणणे ही पद्धत काही देशांत आहे, इथे तिच्यावर अवलंबून राहू नये. सर्व पासपोर्टवर शिक्का पडलेला, तारीख वाचता येणारी आणि मुदत बरोबर असलेली आहे हे तिथेच उभे राहून पाहा. शिक्का पुसट असेल तर त्याच वेळी नम्रपणे सांगा. नंतर तो दुरुस्त करून घेणे कठीण जाते.

एवढे झाले म्हणजे भारतभर मोकळे फिरता येते असे नाही. मुंबई सोडताना कस्टम्सचा लेखी आदेश आणि बंदराचे क्लिअरन्स घ्यावेच लागते, मग पुढचे बंदर गोवा असले तरी. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 42 प्रमाणे असा आदेश मिळेपर्यंत नौकेने बंदर सोडायचे नसते. पुढच्या बंदराचे नाव त्यावर असते, म्हणून कोकणातल्या ज्या ठिकाणी रात्री नांगर टाकण्याचा विचार आहे ती नावे अर्जातच लिहा आणि एजंटामार्फत तटरक्षक दलाला व त्या भागातल्या सागरी पोलिसांना कळवा. मालवणला या मार्गाने जाता येते, मुंबईची सगळी मंजुरी हातात घेऊन आणि आधी कळवून. लक्षद्वीप मात्र या बेतात धरू नका. तिथे प्रवेशासाठी वेगळी परवानगी लागते आणि परदेशी पर्यटकांना मोजक्याच बेटांवर जाऊ देतात. अशा संरक्षित आणि प्रतिबंधित भागांसाठी ओसीआय कार्डधारकालाही विशेष परवानगी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते.

गोव्यात मित्र उतरेल तेव्हा काय करायचे, ते नीट वाचा. माझ्या पाहण्यातल्या एका नौकेवरचा प्रवासी गोव्यातून विमानाने गेला, त्याच्या पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्काही व्यवस्थित पडला, पण नौकेच्या यादीतून त्याचे नाव कोणी काढले नाही. पुढे देश सोडायच्या दिवशी यादीत एक माणूस जास्त आणि नौकेवर एक कमी. विमानाने गेल्याची नोंद शोधून, ती जुळवून, लेखी खुलासा देऊन सुटका व्हायला दोन दिवस गेले आणि तेवढ्यात चांगला वारा निघून गेला. म्हणून मित्र विमानतळावर जाण्याआधी मुरगावच्या इमिग्रेशन कार्यालयात एजंटाला पाठवून अर्ज द्या: अमुक प्रवासी अमुक तारखेला अमुक विमानाने जात आहे, त्याचे नाव नौकेच्या यादीतून कमी करावे. तिकिटाची प्रत जोडा, पोच घ्या, आणि त्याच दिवशी तीन नावांची नवी यादी करून घ्या. नवा माणूस नौकेवर घ्यायचा असेल तरी हाच क्रम, फक्त उलट. मित्राकडून प्रवासखर्चाचा वाटा घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. पैसे देणारा प्रवासी नौकेवर असला की ती खासगी नौका आहे की भाड्याची, हा प्रश्न निघतो, आणि किनाऱ्यावरच्या व्यापारी वाहतुकीचे नियम तुम्हाला लागू होऊ शकतात.

कोचीला तुम्ही पोहोचाल तेव्हा काम बरेच हलके वाटेल. विलिंग्डन बेटाजवळच्या पाण्यात थांबून कागदपत्रे करण्याची तिथे जुनी सवय आहे, आणि बोलगाट्टी बेटावर मरीनाही (खासगी नौका बांधून ठेवण्याची जागा) आहे, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांना परदेशी नौका नवीन नाहीत. व्हिसाचे आणि याद्यांचे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने मुंबईऐवजी सरळ कोचीलाच पहिला प्रवेश करावा असे मी एरवी सुचवले असते. तुम्हाला मुंबईला यायचे कारण घरचे आहे, ते मी समजू शकतो.

शेवटी नौका कोचीत ठेवून तुम्ही सर्व विमानाने मस्कतला जाणार असाल, तर नौका आणि माणसे यांची कामे वेगळी समजून करा. नौका देशात ठेवण्याची परवानगी कस्टम्सकडून, लेखी आणि मुदतीसह घ्या. माणसांची नावे यादीतून कमी करण्याचा अर्ज इमिग्रेशनला द्या. कप्तान मागे राहणार असेल तर त्याच्या व्हिसाची मुदत तोपर्यंत पुरते का ते तारखेनिशी पाहा, आणि तो किनाऱ्यावर ज्या खोलीत राहील त्या घरमालकाने परदेशी पाहुण्याची माहिती देणारा फॉर्म ऑनलाइन भरला आहे याची खात्री करून घ्या.